इराक युद्ध योग्य होतं का? माजी सैनिकांचं उत्तर कसं ऐकायचं

युद्धाची बातमी आली की वृत्तवाहिन्यांवर निवृत्त अधिकारी दिसू लागतात. युक्रेन असो, गाझा असो की इराण, निवेदकाचा एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, हे युद्ध योग्य आहे का?" उत्तर मात्र एका शब्दात हवं असतं. ते एका शब्दात का देता येत नाही, हे समजून घ्यायला 2003 चं इराक युद्ध, म्हणजे अमेरिका आणि ब्रिटननं इराकवर केलेला हल्ला, घ्यावं. त्याला वीस वर्षं उलटून गेली, गुप्त कागद उघडे झाले, चौकशी अहवाल आले आणि तिथे लढलेल्या अमेरिकी-ब्रिटिश सैनिकांनी आपली मतं वेळोवेळी नोंदवली. ही मतं वरवर वाचली तर गोंधळायला होतं. "ते युद्ध करायला नको होतं" आणि "मी तिथे गेलो याचा मला अभिमान आहे" ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून येतात. तो खोटं बोलत नसतो आणि त्याचा गोंधळही उडालेला नसतो. दोन वेगवेगळ्या प्रश्नांची ती दोन उत्तरं असतात.

## एका प्रश्नाच्या पोटात चार प्रश्न

गावात कुणी घर बांधलं आणि "हे योग्य झालं का" असा वाद निघाला, तर त्यात चार गोष्टी येतात. जागेची परवानगी होती का? घराची गरज होती का? बांधकाम नीट झालं का? आणि आज त्यात राहता येतं का? बांधकामाबद्दल गवंड्याइतकं खात्रीनं कुणीच बोलू शकत नाही. सिमेंट किती पडलं, सळई कुठे वाचवली, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण सातबाऱ्यावर नाव कुणाचं, हे त्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांइतकंच ठाऊक असतं.

युद्धाचंही तसंच. ते कायद्यात बसत होतं का, कारण खरं होतं का, ते नीट आखलं आणि नीट लढलं गेलं का, आणि जी किंमत मोजली तिच्या बदल्यात काय मिळालं. यांना तोलण्याची एक जुनी विचारपरंपरा आहे, तिला "न्याय्य युद्ध" म्हणतात. तिच्या अटी साध्या आहेत: कारण रास्त हवं, निर्णय घेणाऱ्याला तो अधिकार हवा, हेतू स्वच्छ हवा, बाकीचे उपाय संपलेले हवेत, यशाची वाजवी आशा हवी आणि होणारं नुकसान टळणाऱ्या अरिष्टापेक्षा मोठं नको. या सगळ्या अटी एकत्र पाळाव्या लागतात. पाच पाळल्या म्हणून सहावी माफ होत नाही.

## परवानगी होती का?

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार बळ वापरायला दोनच वाटा आहेत. एक, हल्ला झाल्यावर स्वसंरक्षण. दुसरी, सुरक्षा परिषदेची मंजुरी. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यात इराकचा हात असल्याचं कधीच सिद्ध झालं नाही, त्यामुळे पहिली वाट बंद होती. दुसरीसाठी ठराव क्रमांक 1441 पुढे केला जातो. तो 8 नोव्हेंबर 2002 ला 15 विरुद्ध 0 मतांनी मंजूर झाला. त्यानं इराकला शस्त्रं नष्ट करण्याची "शेवटची संधी" दिली आणि "गंभीर परिणामांचा" इशारा दिला. पण बळ वापरण्याची थेट परवानगी त्यात नव्हती. ब्रिटनचा युक्तिवाद असा होता की इराकनं कुवेत बळकावलं तेव्हाचा, बळ वापरायला मुभा देणारा 1990 चा ठराव क्रमांक 678 यामुळे पुन्हा जिवंत होतो. हे आपल्याला पुरेसं वाटत नाही, याची कबुली ब्रिटननं स्वतःच्या कृतीतून दिली: त्यानं दुसरा ठराव मिळवायचा आटोकाट प्रयत्न केला, आणि पुरेशी मतं जमत नाहीत असं दिसल्यावर 17 मार्च 2003 ला तो सोडून दिला.

या प्रश्नावर सैनिकाचं मत इतर नागरिकांपेक्षा जड नसतं. पण एका सैनिकाची कृती इथे महत्त्वाची आहे. ब्रिटनचे तेव्हाचे सरसेनाध्यक्ष ॲडमिरल मायकेल बॉइस यांनी हल्ल्याआधी सरकारकडे स्पष्ट कायदेशीर हमी मागितली. महाधिवक्ता लॉर्ड गोल्डस्मिथ यांनी 7 मार्चला दिलेला सल्ला जर-तर चा होता. दुसरा ठराव घेणं हाच सर्वात सुरक्षित मार्ग, असं त्यात म्हटलं होतं. दहा दिवसांत तेच मत ठाम "हो" झालं. परराष्ट्र खात्याच्या उप-कायदेसल्लागार एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट यांनी मात्र राजीनामा दिला. एखाद्या देशाचा सर्वोच्च सेनाधिकारी हल्ल्याच्या तोंडावर "माझ्या माणसांवर उद्या खटले चालणार नाहीत ना" असं लेखी मागतो, यावरूनच पाया किती भक्कम होता ते कळतं.

## कारण खरं होतं का?

5 फेब्रुवारी 2003 ला कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराककडच्या रासायनिक आणि जैविक शस्त्रांचे "पुरावे" मांडले. ते परराष्ट्रमंत्री होते, पण लोकांनी ऐकलं ते निवृत्त चार-तारांकित जनरलचं. फिरत्या प्रयोगशाळांची माहिती मुख्यतः एका इराकी निर्वासिताकडून आली होती. ती आपण रचली होती, हे त्यानं 2011 मध्ये कबूल केलं. अमेरिकेनंच नेमलेल्या शोधपथकानं 2004 मध्ये सांगितलं की शस्त्रांचे साठे नव्हतेच. पॉवेल यांनी 2005 मध्ये त्या भाषणाला आपल्या कारकिर्दीवरचा डाग म्हटलं. गणवेशाचा मान बोलणाऱ्याला मिळतो. त्यामुळे त्याच्या हातातला कागद खरा ठरत नाही.

शस्त्रं असतील असं तेव्हा अनेक देशांच्या हेरखात्यांना मनापासून वाटत होतं, असं गृहीत धरू. तरीही "बाकीचे उपाय संपले" ही अट पुरी होत नव्हती. हान्स ब्लिक्स यांच्या हाताखालचे संयुक्त राष्ट्रांचे शस्त्रनिरीक्षक नोव्हेंबर 2002 पासून इराकमध्ये तपासण्या करत होते. 150 किलोमीटरची मर्यादा ओलांडणारी अल-समूद 2 क्षेपणास्त्रं त्यांच्या देखरेखीखाली मार्च 2003 च्या सुरुवातीला मोडली जात होती. हे काम चालू असतानाच त्यांना बाहेर काढावं लागलं आणि 20 मार्चला हल्ला सुरू झाला. ब्रिटनच्या चिलकॉट चौकशीनं 2016 मध्ये नेमकं हेच नोंदवलं: शांततेचे मार्ग संपले नव्हते, त्या वेळची लष्करी कारवाई हा शेवटचा उपाय नव्हता.

## आखणी: इथे सैनिकाची साक्ष सगळ्यात मोलाची

शहर जिंकायला लागणारं सैन्य आणि ते शांत ठेवायला लागणारं सैन्य यांत फार फरक असतो. बोस्निया आणि कोसोव्होच्या अनुभवावरून एक ढोबळ हिशेब वापरला जातो: दर हजार लोकांमागे 20 सैनिक. इराकची लोकसंख्या तेव्हा अडीच कोटी धरली तर हा आकडा 5 लाखांवर जातो. अमेरिकेचे तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल एरिक शिन्सेकी यांनी 25 फेब्रुवारी 2003 ला सिनेटच्या समितीला "काही लाख सैनिक लागतील" असं सांगितलं, त्यामागे ही समज होती. संरक्षण खात्याच्या नेतृत्वानं त्यांचं म्हणणं जाहीरपणे झिडकारलं. प्रत्यक्षात दोन लाखांच्या आतच सैन्य उतरलं. बगदाद 9 एप्रिलला पडलं आणि त्याच आठवड्यात लूट सुरू झाली, कारण मंत्रालयं, रुग्णालयं, संग्रहालय यांच्या दारात उभं करायला माणसंच नव्हती.

याहून वाईट परिणाम दारूगोळ्याच्या कोठारांमुळे झाला. इराकभर अशी असंख्य कोठारं बिनपहाऱ्याची पडली होती. अल-काकाच्या एकट्या कोठारातून साडेतीनशे टनांच्या आसपास उच्च क्षमतेची स्फोटकं नाहीशी झाल्याचं 2004 मध्ये उघड झालं. तोफेचा 155 मिलिमीटरचा गोळा रस्त्याकडेला पुरायचा, त्याला दरवाजाच्या बेलचं किंवा मोबाइलचं सर्किट जोडायचं, झाला बॉम्ब तयार.

असे बॉम्ब पुरायला हातही तयार मिळाले. अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी मे 2003 मध्ये दोन हुकूम काढले. पहिल्यानं इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेन याच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीतल्यांना सरकारी नोकरीतून काढलं. त्यांत डॉक्टर, प्राध्यापक, अभियंतेही होते. दुसऱ्यानं इराकी लष्करच बरखास्त केलं. जवळपास चार लाख माणसं, घरी शस्त्र, हातात कौशल्य आणि पगार बंद. निवृत्त अमेरिकी अधिकाऱ्यांशी बोला किंवा त्यांचं लेखन वाचा, सगळ्यात जास्त संताप या दोन हुकमांबद्दल आढळतो.

त्या बॉम्बांसमोर कोणती गाडी होती? हमवी, अमेरिकी लष्कराची जीपसारखी गाडी. तिचा तळ सपाट. खालून स्फोट झाला की सगळा दाब थेट आत बसलेल्यांच्या पायांवर आणि मणक्यावर येतो. सैनिकांनी भंगारातले पत्रे जोडून बाजू जाड केल्या. त्या वजनानं सस्पेन्शन बसायचं, इंजिन तापायचं, गाडी वळणावर उलटायची, आणि दार इतकं जड व्हायचं की गाडी कलंडल्यावर ते आतून उघडता येत नसे. डिसेंबर 2004 मध्ये कुवेतच्या छावणीत एका जवानानं संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना तोंडावर विचारलं की आम्ही चिलखतासाठी भंगार का उपसतोय. खालून इंग्रजी व्ही अक्षरासारखा तळ असलेल्या, स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंना फेकणाऱ्या गाड्या (गडचिरोलीच्या बातम्यांमुळे भूसुरुंगरोधक वाहनं आपल्याकडे माहीत आहेत, त्यांतलाच प्रकार) मोठ्या संख्येनं यायला 2007 उजाडलं. ब्रिटिशांच्या स्नॅच लँड रोव्हर या हलक्या चिलखती गाडीची कहाणीही अशीच, आणि चिलकॉट अहवालानं त्या दिरंगाईवर ठपका ठेवला.

## नाक्यावरचे आठ-दहा सेकंद

युद्ध सुरू करणं न्याय्य होतं का आणि लढताना वागणूक न्याय्य होती का, हे दोन हिशेब वेगळे ठेवले जातात. चुकीच्या युद्धातही सैनिक नियमानं वागू शकतो, आणि रास्त युद्धातही गुन्हा करू शकतो. दुसरा हिशेब किती अवघड असतो, ते तपासणी नाक्यावर दिसतं.

नाक्याकडे गाडी येते. आत कुटुंब असेल किंवा स्फोटकं. नियम पायऱ्यांचा आहे: आधी ओरडून सांगा, मग शस्त्र दाखवा, जवळ असेल तर अडवा किंवा ढकला, मग इशाऱ्याची गोळी, आणि अगदी शेवटी ठार करणारी. कागदावर हे चोख आहे. आता गाडीचा वेग ताशी 60 किलोमीटर धरा. ती सेकंदाला जवळपास 17 मीटर येते. इशाऱ्याची रेषा दीडशे मीटरवर असेल तर पाचही पायऱ्यांसाठी मिळून नऊ सेकंद हातात असतात. रात्र असेल तर चालकाला फलक दिसत नाही. काच बंद, गाणं चालू, तर आरोळी ऐकू येत नाही. मूठ वर धरणं म्हणजे "थांब", ही सैनिकी खूण बाहेरच्या माणसाला माहीत नसते. इशाऱ्याची गोळी ऐकून घाबरलेला चालक ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबतो, आणि बंदुकीमागच्या विशीतल्या पोराला तेच हल्ल्याचं लक्षण वाटतं. 4 मार्च 2005 ला बगदाद विमानतळाच्या रस्त्यावर इटलीचे गुप्तचर अधिकारी निकोला कालिपारी असेच अमेरिकी गोळीबारात मेले. ते तर मित्रदेशाचे होते, ओलीस ठेवलेल्या पत्रकाराला सोडवून परत येत होते. गाडीचा वेग किती होता आणि इशारा दिला होता का, यावर दोन्ही सरकारांचे अहवाल जुळले नाहीत.

अमेरिकी सैनिकांनी अबू गरेबच्या तुरुंगात केलेला कैद्यांचा छळ किंवा हदीथामध्ये 19 नोव्हेंबर 2005 ला मारलेले 24 इराकी नागरिक, हे वेगळ्या जातीचं आहे. तिथे सेकंदांची सबब चालत नाही. प्रामाणिक माजी सैनिक या दोन गोष्टींत सरमिसळ होऊ देत नाहीत, आणि वाचकानंही करू नये.

## आकडे काय सांगतात

प्यू रिसर्च सेंटरनं 2019 मध्ये अमेरिकी माजी सैनिकांची पाहणी केली. किंमत आणि फायदा तोलून पाहता इराक युद्ध "लढण्याजोगं नव्हतं" असं 64 टक्क्यांनी सांगितलं. "होतं" म्हणणारे 33 टक्के. अफगाणिस्तानबद्दल हेच आकडे 58 आणि 38 होते. सर्वसामान्य जनतेचं मत जवळपास तेवढंच होतं: इराकबाबत 62 टक्के "नव्हतं".

यातली सगळ्यात उद्बोधक गोष्ट आत दडली आहे. तिथे प्रत्यक्ष लढलेले आणि न लढलेले, अधिकारी आणि जवान, यांच्या मतांत फारसा फरक नव्हता. मोठा फरक पडला तो पक्षानं: रिपब्लिकनांकडे झुकणाऱ्या माजी सैनिकांपैकी 45 टक्क्यांना युद्ध लढण्याजोगं वाटलं, डेमोक्रॅटांकडे झुकणाऱ्यांपैकी 15 टक्क्यांना. म्हणजे "मी तिथे होतो" एवढ्यावरून माणसाचं अंतिम मत ठरत नाही. आणखी एक खबरदारी घ्यायला हवी. "लढण्याजोगं होतं का" हा आपल्या चारांपैकी शेवटचा, किमतीचा प्रश्न आहे. 64 टक्के माजी सैनिक युद्धाला बेकायदा म्हणतात, असा मथळा यावरून देता येत नाही.

त्याच संस्थेच्या 2011 च्या पाहणीत 11 सप्टेंबरनंतर सेवा केलेल्या 96 टक्के माजी सैनिकांनी आपल्या सेवेचा अभिमान असल्याचं सांगितलं, पण इराक युद्ध लढण्याजोगं म्हणणारे 44 टक्केच होते. अभिमान असतो शेजारच्या साथीदाराला जिवंत परत आणल्याचा. युद्धाचा कौल वॉशिंग्टनच्या निर्णयावर असतो.

## "ही तर पश्चातबुद्धी!"

काही अंशी हो, पण फार थोडी. निवृत्त वायुदल जनरल ब्रेंट स्कोक्रॉफ्ट यांनी ऑगस्ट 2002 मध्येच, म्हणजे हल्ल्याच्या सात महिने आधी, सद्दामवर हल्ला करू नका असं जाहीर लिहिलं होतं. मध्यपूर्वेतल्या अमेरिकी सैन्याचे माजी प्रमुख अँथनी झिनी यांनीही आधीच विरोध केला. शिन्सेकींचा हिशेब वर आलाच आहे. जे पदावर असताना गप्प राहिले आणि निवृत्त झाल्यावर, 2006 मध्ये, रम्सफेल्ड यांचा राजीनामा मागू लागले, त्या जनरलांवर मात्र हा आक्षेप रास्त आहे. त्यांच्यापैकी ग्रेगरी न्यूबोल्ड यांनी आपण आधीच उघडपणे बोलायला हवं होतं, असं स्वतःच लिहिलं.

## "सद्दाम गेला, हे वाईट झालं का?"

युद्धाच्या बाजूचे माजी सैनिक हाच मुद्दा मांडतात आणि तो हलका नाही. मार्च 1988 मध्ये इराकमधल्या हलब्जा या कुर्द गावात सद्दामच्या सैन्यानं सोडलेल्या विषारी वायूनं हजारो कुर्द मारले गेले. कुर्दांच्या पेशमर्गा सैनिकांपैकी बहुतेकांसाठी 2003 ही मुक्तीच होती. शिवाय 2007 मध्ये जादा सैन्य आणि नवी पद्धत आल्यावर, स्थानिक सुन्नी टोळ्यांच्या साथीनं हिंसा खरोखर खाली आली. मे मध्ये 120 हून अधिक अमेरिकी सैनिक मेले होते, डिसेंबरात 25 च्या आत. "आम्ही जिंकत आणलं होतं, राजकारण्यांनी घालवलं" हे त्यांचं म्हणणं इथून येतं.

तरी माझ्या मते अट पुरी होत नाही. हलब्जाचा नरसंहार 1988 चा. 2003 मध्ये तसा काही थांबवायचा नव्हता. जुन्या गुन्ह्याला शिक्षा म्हणून देशावर स्वारी करायची, तर नंतर होणाऱ्या हानीचा भार स्वारी करणाऱ्यानं उचलायला हवा. अमेरिकेचे सुमारे 4,500 आणि ब्रिटनचे 179 सैनिक मेले. नोंद झालेले इराकी नागरिकांचे हिंसक मृत्यूच दोन लाखांच्या घरात आहेत.

## "हुकूम पाळला, मग सैनिक दोषी कसा?"

कायद्याच्या नजरेत तो दोषी नाहीच. आक्रमक युद्ध छेडण्याचा गुन्हा देशाची धोरणं हातात असणाऱ्यांवर लागतो, शिपायावर नाही. शिपाई जबाबदार असतो तो स्वतःच्या वागण्याला. पण "मी या युद्धाला जाणार नाही" हा बचावही न्यायालयं मान्य करत नाहीत. ब्रिटिश वायुदलातले डॉक्टर माल्कम केंडल-स्मिथ यांनी बसऱ्याला जायला नकार दिला आणि 2006 मध्ये त्यांना आठ महिन्यांची कैद झाली.

कायदा मोकळं सोडतो, मन सोडत नाही. यासाठी मानसतज्ज्ञ "नैतिक जखम" हा शब्द वापरतात. आपल्या हातून, किंवा आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच मूल्यांना धक्का देणारं काही घडलं की जी खोल अपराधभावना उरते, ती. आघातानंतरच्या भीतीपेक्षा ही वेगळी असते. भीतीत "मी मरणार होतो" हे छळतं, इथे "मी मारलं, आणि कशासाठी?" हे छळतं. कारण खोटं निघालं की या प्रश्नाला उत्तरच राहत नाही. 2001 नंतरच्या युद्धांत सेवा केलेल्या अमेरिकी सैनिकांच्या आत्महत्या 30 हजारांहून अधिक, आणि प्रत्यक्ष मोहिमांत मेलेले सुमारे सात हजार, असा ब्राऊन विद्यापीठातल्या प्रकल्पाचा 2021 चा अंदाज आहे. सगळ्या आत्महत्या नैतिक जखमेमुळे होत नाहीत, पण तिला वगळून हा आकडा समजत नाही.

## इराकी माजी सैनिकांना कोण विचारतं?

बरखास्त झालेले ते चार लाख लोकही माजी सैनिकच आहेत. पाहण्यांत ते नसतात. त्यांच्यातले काही नव्या लष्करात गेले, काहींनी टॅक्सी चालवली, काही बंडखोर झाले. इस्लामिक स्टेटची यंत्रणा उभी करणारा हाजी बक्र हा सद्दामच्या सैन्यातला कर्नल होता. त्या संघटनेनं जून 2014 मध्ये मोसुल घेतलं. त्याआधी, जानेवारीत, फलुजा त्यांच्या हाती गेलं होतं. हे तेच शहर, जे घेण्यासाठी 2004 च्या अखेरीस शंभराच्या आसपास अमेरिकी सैनिकांनी जीव दिला होता.

## भारताला विचारलं होतं

2003 च्या उन्हाळ्यात अमेरिकेनं भारताकडे एक पूर्ण डिव्हिजन, म्हणजे सुमारे 17 हजार सैनिक, मागितले होते. दिल्लीत पाठवावं म्हणणारेही होते. वाजपेयी सरकारनं 14 जुलैला नकार दिला. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तरच विचार करू, अशी भूमिका घेतली. म्हणजे भारतानं चारांपैकी पहिला प्रश्न विचारला आणि तिथेच थांबला.

इराकच्या मातीत आपले सैनिक त्याआधी लढून आले होते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या सहाव्या, पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. बगदाद घ्यायच्या घाईत, अपुरी रसद आणि त्याहून अपुरी नदीवाहतूक घेऊन ती डिव्हिजन पुढे ढकलली गेली, मागे फिरताना कुत-अल-अमारा इथे तुर्की सैन्याच्या वेढ्यात सापडली आणि 29 एप्रिल 1916 ला सुमारे 13 हजार जणांनी शरणागती पत्करली. कैदेतल्या पायपिटीत आणि छावण्यांत त्यांतले हजारो मेले. त्या युद्धाबद्दल त्यांचं मत कुणी नोंदवून घेतलं नाही.